प्रसूतीपूर्व पालकत्व वर्गांचा खरंच उपयोग होतो का? सोलापुरात तपासून पाहणाऱ्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्यांदा आईबाबा होणाऱ्यांसाठी वर्ग घेणाऱ्या संस्था, प्रसूतिगृहांतल्या सिस्टर, समुपदेशक आणि नर्सिंग किंवा समाजकार्याचे विद्यार्थी यांच्याकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. वर्ग कसा घ्यावा हे इथे ओघाने येईल. मुख्य विषय आहे तो घेतलेल्या वर्गाचा उपयोग झाला की नाही हे ठरवायचं कसं, हा.

वर्गाला आलेल्या प्रत्येक जोडप्याने "खूप उपयोग झाला" असं लिहून दिलंय. मग वेगळी चाचणी कशाला?

अभिप्रायाच्या कागदावरून वर्ग आवडला की नाही एवढंच कळतं. शेवटच्या दिवशी चहा-पोहे झाल्यावर, समोर उभ्या असलेल्या सिस्टरच्या हातात वाईट शेरा कोण देईल?

वर्गाआधी आणि वर्गानंतर माहितीची परीक्षा घेऊन गुण वाढल्याचं दाखवणंही फारसं कामाचं नाही. पहिलटकरणीला पाचव्या महिन्यापासून नवव्यापर्यंत आई, सासू, आशाताई, शेजारीण आणि मोबाइल अशा सगळीकडून माहिती मिळत असते. वर्ग नसता तरी तिचे गुण वाढलेच असते.

यापेक्षाही फसवी तुलना म्हणजे वर्गाला आलेल्यांची न आलेल्यांशी. जिला वर्गाला येता येतं तिच्या घरचे सोडतात, तिची मजुरी बुडत नाही किंवा बुडली तरी चालतं, आणि नवऱ्याला सुट्टी मिळते. अशा घरातलं बाळ पुढे बरं असेल तर श्रेय वर्गाला द्यायचं की घराला? कोण येणार हे आपण किंवा ती न ठरवता चिठ्ठीने ठरवलं, तरच वर्ग मिळालेल्या आणि न मिळालेल्या अशा दोन्ही बाजूंना सारखी घरं येतात. चाचणी म्हणतात ती हीच.

हे आधी कोणी तपासलेलं नाही का?

तपासलंय, पण उत्तर सरळ नाही. प्रसूतीपूर्व शिक्षणाच्या चाचण्यांचा कॉक्रेन आढावा (झालेल्या चाचण्या गोळा करून एकत्र तपासणारा आढावा) २००७ मध्ये आला. त्यात ९ चाचण्या आणि २२८४ स्त्रिया होत्या, आणि अशा वर्गांचा परिणाम बऱ्याच अंशी अज्ञातच आहे असा निष्कर्ष निघाला. म्हणजे वर्ग निरुपयोगी ठरले नाहीत, पण उपयोगीही सिद्ध झाले नाहीत.

आपल्याकडची दोन उदाहरणं शेजारी ठेवून पाहावीत. झारखंड-ओडिशात ३६ विभागांपैकी १८ मध्ये महिला गटांच्या बैठका घेतल्या गेल्या आणि तिथले नवजात मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी आढळले. ही चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. मुंबईच्या ४८ झोपडपट्टी वस्त्यांपैकी २४ मध्ये तसेच गट चालवले, पण २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात ठळक फरक दिसला नाही. कल्पना जवळपास तीच, जागा वेगळी, निकाल वेगळा. दुसरीकडे चाललं म्हणून सोलापुरात चालेलच असं म्हणता येत नाही ते यामुळेच.

"वर्ग" म्हणजे नक्की काय धरायचं? गर्भसंस्कार वर्गही चालतील का?

जे घेता ते आधी कागदावर लिहा: किती बैठका, किती मिनिटं, काय शिकवणार, कोण शिकवणार. "मार्गदर्शन केले" एवढ्यावर चाचणी उभी राहत नाही. गर्भसंस्कार वर्गाचीही चाचणी घेता येते, पण "बाळ तेजस्वी होतं" हा दावा मोजायचा कसा हे दावा करणाऱ्यानेच सांगायला हवं. ते बहुधा कोणी सांगत नाही.

चालण्याजोगा आराखडा असा: ८ ते १० जोडप्यांचा गट, आठवड्याला एक याप्रमाणे दीड-दीड तासाच्या ५ बैठका. पहिलीत जन्मानंतरचा पहिला तास आणि बाळाला अंगावर घेण्याची पद्धत. दुसरीत रडणं, झोप, उताणं झोपवणं. तिसरीत बाळंतिणीचं मन. चौथीत नवऱ्याचं काम आणि घरातल्या मोठ्यांशी बोलणं. पाचवीत धोक्याची लक्षणं आणि रात्री-बेरात्री कोणाला फोन करायचा याची यादी.

सरावाला दुकानातली प्लॅस्टिकची बाहुली घेऊ नका. ती हलकी असते आणि तिची मान ताठ असते. जाड सुती कापडाची बाहुली शिवून त्यात ज्वारी भरा आणि वजन पावणेतीन किलोपर्यंत न्या. मानेच्या भागात ज्वारी कमी ठेवली की आधार काढताच डोकं मागे कलंडतं. बाबांचा हात आपोआप मानेखाली जातो तो तेव्हा. पावसाळ्यात ज्वारीला कीड लागते, म्हणून ती आधी उन्हात वाळवा आणि बाहुलीला चेन लावा, म्हणजे ज्वारी बदलता येईल.

सोलापुरात अशा चाचणीची सगळ्यात मोठी अडचण कोणती?

माहेर. पहिलं बाळंतपण माहेरी करण्याची पद्धत ज्याने आराखड्यात धरली नाही, त्याची चाचणी अर्ध्यावर बसते.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं की मुलगी निघते. ती अक्कलकोटला जाईल, बार्शीला जाईल, नाहीतर कलबुर्गी, विजयपूर, लातूर. बाळंतपण तिकडे, बारसं तिकडे, आणि परत येते तिसऱ्या किंवा पाचव्या महिन्यात. नवरा मात्र इथेच असतो. आठव्या महिन्यात वर्ग ठेवला तर खोलीत एकटे बाबा बसलेले दिसतील, किंवा तेही नाहीत. सहा आठवड्यांनी सासरच्या पत्त्यावर मोजणी करायला गेलात तर दाराला कुलूप नसतं, पण बाळही नसतं.

म्हणून नोंदणी १८ ते २० आठवड्यांदरम्यान करा. त्या सुमाराच्या सोनोग्राफीला नवरा-बायको बहुतेक वेळा दोघं येतात, त्यामुळे दोघांशी एकदम बोलता येतं. सगळ्या बैठका २७व्या आठवड्याच्या आत संपवा. २२ आठवड्यांनंतर पहिल्यांदा भेटलेल्या जोडप्यांना घेऊ नका, पण अशी किती जोडपी होती याचा आकडा लिहून ठेवा.

नोंदणीच्याच दिवशी तीन फोन नंबर घ्या: तिचा, नवऱ्याचा आणि माहेरच्या घरातला एक. माहेरच्या नंबरापुढे तो कोणाचा आहे ते लिहा, कारण "हॅलो, कोण पाहिजे?" असं भावाने विचारल्यावर अडखळणारा फोन संशयास्पद वाटतो. माहेरचं गाव, तालुका आणि कोणत्या दवाखान्यात नाव घालणार तेही टिपा. डोहाळजेवणानंतरच्या आठवड्यात एक फोन फक्त नंबर चालू आहेत का ते पाहण्यासाठी करा. नंबर बदलतात ते नेमके याच काळात.

किती जोडपी लागतील?

आधी मुख्य मोजमाप एकच ठरवा, मग हिशेब करा. समजा सहा आठवड्यांना निव्वळ स्तनपान (फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही) हे मोजमाप धरलं आणि वर्गाविना ते ५० टक्के, वर्गानंतर ६५ टक्के होईल अशी अपेक्षा आहे. खरा फरक एवढा असेल तर तो पकडण्याची शक्यता ८० टक्के आणि चुकून फरक दिसण्याची मर्यादा ५ टक्के ठेवली, तर प्रत्येक गटात १६७ जोडपी लागतात.

इथेच थांबू नका. एका वर्गात बसलेली १० जोडपी एकमेकांचं ऐकतात, शिक्षिका एकच असते, त्यामुळे त्यांची उत्तरं थोडी सारखी होतात. त्यासाठी संख्या वाढवावी लागते. ही जवळीक (० म्हणजे काहीच साम्य नाही, १ म्हणजे सगळ्यांची उत्तरं सारखीच) ०.०२ धरली, तर १ अधिक गटातली बाकीची ९ जोडपी गुणिले ०.०२ म्हणजे १.१८ पट. १६७ चे झाले १९८. पाचातलं एक जोडपं माहेर, बदललेला नंबर किंवा कंटाळा यांमुळे निसटेल असं धरलं तर १९८ भागिले ०.८, म्हणजे २४८. सोय म्हणून २५०. दोन्ही गट मिळून ५००.

अपेक्षा ५० वरून ६० टक्क्यांची ठेवली तर मूळचे १६७ एकदम ३८५ होतात. "आमचा वर्ग थोडासा तरी फरक पाडेल" हे वाक्य फार महाग पडतं.

चिठ्ठी कशी टाकायची?

नाणं उडवू नका. दिवसाआड गट देऊ नका, केसपेपरच्या सम-विषम क्रमांकावरही देऊ नका. पुढचं जोडपं कोणत्या गटात जाणार हे सिस्टरला आधी कळलं की ती भल्या मनाने "ही बिचारी फार घाबरलीय, हिला उद्याच बोलावते" असं करते, आणि तुलना तिथेच बिघडते.

नोंदणीशी संबंध नसलेल्या व्यक्तीने संगणकावर यादृच्छिक, म्हणजे क्रम ओळखता न येणारी, गटांची यादी काढावी आणि एकेक गट चिठ्ठीवर लिहून वेगळ्या पाकिटात बंद करावा. यादीत ४ आणि ६ जोडप्यांच्या मिसळलेल्या तुकड्या ठेवाव्यात, प्रत्येक तुकडीत निम्मी जोडपी वर्ग गटात आणि निम्मी तुलना गटात. सगळ्या तुकड्या ४ च्याच असल्या तर तीन पाकिटं उघडल्यावर चौथं ओळखता येतं. पाकीट अपारदर्शक हवं. साधं पांढरं पाकीट ट्यूबलाइटसमोर धरलं की आतलं अक्षर दिसतं, म्हणून चिठ्ठी स्वयंपाकघरातल्या फॉइलमध्ये गुंडाळा. पाकिटावर अनुक्रमांक घाला. संमती झाल्यावर, पहिला प्रश्नसंच भरून झाल्यावर, पाकिटावर जोडप्याचा नोंदणी क्रमांक आणि तारीख लिहून मगच ते फोडायचं. हा क्रम उलटला तर "वर्ग नाही मिळाला, मग नको" म्हणणारी जोडपी एकाच बाजूने गळतात.

ज्यांना वर्ग मिळत नाही त्यांच्यावर हा अन्याय नाही का?

उपयोग होतो हे माहीत असतं तर अन्याय झाला असता. माहीत नाही म्हणूनच चाचणी आहे. तुलना गटाचं नेहमीचं काहीही काढून घ्यायचं नाही: तपासण्या, लोहाच्या गोळ्या, माता-बाल संरक्षण कार्ड, दर महिन्याच्या ९ तारखेचं सुरक्षित मातृत्व शिबिर, बाळंतपणानंतर आशाताईंच्या ठरलेल्या घरभेटी. शेवटची मोजणी झाल्यावर त्यांच्यासाठी एक बैठक ठेवा. गरोदरपणातला वर्ग तेव्हा देता येत नाही हे संमतीपत्रात आधीच स्पष्ट लिहा.

वर्गातल्या गोष्टी तुलना गटात पोचल्या तर?

पोचतातच. जावा-जावा एका घरात, दोघी गरोदर, आणि चिठ्ठीत वेगवेगळे गट. एकाच विडी कारखान्यात विड्या द्यायला जाणाऱ्या शेजारणी. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप केला तर त्यातला व्हिडिओ संध्याकाळपर्यंत गल्लीभर फिरतो. एका घरातून एकच जोडपं घ्या, छापील कागद वाटण्याऐवजी प्रत्यक्ष सरावावर भर द्या, आणि शेवटी तुलना गटाला विचारा: "वर्गाला गेलेल्या कोणाकडून काही ऐकलं का?"

जोडप्यांऐवजी आरोग्य केंद्रांमध्ये चिठ्ठी टाकणं हा दुसरा मार्ग. पण चार केंद्रं इकडे, चार तिकडे एवढ्यावर भागत नाही. केंद्रांचा आकडा लहान असेल तर हजारो जोडपी मोजूनही उत्तर लटकतं राहतं.

बाळाच्या बाबतीत काय मोजावं?

ज्याच्यावर वर्गाचा हात पोचू शकतो ते. जन्माच्या वजनावर पाच बैठकांचा परिणाम होईल अशी अपेक्षा धरणं भाबडेपणाचं. पहिल्या तासात अंगावर घेतलं का, सहा आणि चौदा आठवड्यांना निव्वळ स्तनपान, उताणं झोपवणं, धोक्याचं लक्षण दिसल्यापासून दवाखान्यात पोचायला लागलेले तास, आणि ६, १०, १४ आठवड्यांच्या लसी वेळेवर झाल्या का, एवढं पुरेसं आहे. लसीच्या तारखांनाच मोजणीचे फोन लावले तर तारीख लक्षात राहते, आणि कार्डाचा फोटो मागवता येतो.

वीस गोष्टी मोजल्या तर वर्गाचा काहीच परिणाम नसतानाही एखादीत फरक "सापडतो". म्हणून मुख्य मोजमाप एकच, बाकीची दुय्यम, आणि हे आधी लिहून ठेवलेलं.

स्तनपानाचा प्रश्न कसा विचारायचा? सगळ्याच आया "फक्त अंगावरचंच" म्हणतात.

कारण प्रश्न तसा विचारला जातो. "फक्त आईचं दूध देता ना?" या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं आहे. शिवाय पाणी, मध, घुटी, बाळकडू यांना कोणी "वरचं" धरतच नाही. वरचं म्हणजे गाईचं दूध नाहीतर डब्यातलं.

असं विचारा: "ताई, काल या वेळेपासून आत्तापर्यंत बाळाच्या तोंडात काय काय गेलं?" थांबा. मग एकेक नाव घ्या: पाणी? साखरपाणी? मध? घुटी? ग्राइप वॉटर? गाईचं, म्हशीचं दूध? डब्याचं दूध? औषध, ड्रॉप्स? प्रत्येकाला हो किंवा नाही. "आंघोळीनंतर आजी काही चाटवतात का?" हा एक प्रश्न वेगळा विचारा. उत्तर बदलतं ते इथे.

डॉक्टरांनी दिलेले जीवनसत्त्वांचे ड्रॉप्स, औषध आणि ओआरएस यांनी निव्वळ स्तनपान मोडत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या सांगते. ग्राइप वॉटर कुठे धरायचं हे पहिला फोन करण्याआधी ठरवून लिहा, आकडे पाहून नव्हे. आणखी एक: चोवीस तासांच्या प्रश्नात परवाचा मध निसटतो. त्यामुळे "जन्मापासून एकदा तरी" हाही प्रश्न जोडा आणि दोन्ही आकडे वेगळे द्या.

आईच्या मनाची अवस्था मोजायला काय वापरावं?

एडिनबरो प्रसूतीपश्चात नैराश्य मापनी. ती १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली. १० प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ३०, आणि विचारणा गेल्या ७ दिवसांची. हे निदान नाही, चाळणी आहे. पहिल्या दोन आठवड्यांत मोजू नका. त्या दिवसांतलं रडू येणं बऱ्याच जणींना होतं आणि आपोआप ओसरतं. सहा आठवड्यांना मोजा.

वाचता न येणाऱ्या आईला प्रश्न वाचून दाखवावे लागतात, आणि तेव्हा खोलीत सासू किंवा आई असेल तर त्या कागदाला किंमत उरत नाही. फोनवर असेल तर आधी विचारा, "आत्ता एकट्या आहात का? नसाल तर कधी करू?" स्पीकरवर नसल्याची खात्री करा.

दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याखेरीज कोणतंही उत्तर आलं, तर एकूण गुण कितीही असोत, फोन तसाच ठेवायचा नाही. आत्ता जवळ कोण आहे ते विचारायचं, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांपर्यंत पोचवायचं आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर द्यायचा. ही साखळी आधी ठरली नसेल तर हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला नाही.

बाबांना वर्गाला आणायचं कसं आणि त्यांचं मोजायचं काय?

यंत्रमागावरचा कामगार दुपारी साडेतीनच्या वर्गाला येणार नाही. कामाची पाळी आणि सुट्टीचा वार नोंदणीच्या वेळीच विचारा आणि गट त्याप्रमाणे पाडा. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीपार जातो, तेव्हा दुपारच्या वर्गाला गरोदर बाईला बोलावूही नये. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेचे दिवस आणि आषाढीच्या आसपासचे दिवस मोकळे सोडा. विडी वळणाऱ्या बाईचा अर्धा दिवस म्हणजे तेवढ्या विड्या, तेवढे पैसे. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी द्यायची असेल तर रक्कम नैतिकता समितीकडून (संशोधनात भाग घेणाऱ्यांचं हित पाहणारी समिती) मंजूर करून घ्या, आणि मोजणीला वेळ देण्याबद्दल द्यायचे पैसे दोन्ही गटांना सारखे द्या.

मोजताना "मदत करता का?" विचारू नका. काल रात्री कितीदा उठलात, गेल्या आठवड्यात लंगोट किती वेळा बदलला, बाळाला एकट्याने किती वेळ सांभाळलं, असं विचारा. दोघांना वेगवेगळं विचारा. आकडे जुळत नाहीत, आणि किती जुळत नाहीत हीच एक माहिती आहे. ती माहेरी असेल तर हे प्रश्न ती परतल्यावरच.

भाषेचं काय?

सोलापुरात फक्त मराठीत काम केलं तर पूर्व भागातली तेलुगू घरं, कन्नड बोलणारी घरं आणि उर्दू-दखनी घरं सुटतात किंवा मान डोलावून निघून जातात. संमतीपत्र आणि प्रश्न त्या त्या भाषेत करा, मग मूळ न पाहिलेल्या व्यक्तीकडून ते परत मराठीत आणा आणि दोन्ही ताडून पाहा. "उदास" आणि "कंटाळा" यांची अदलाबदल इथेच सापडते. चिठ्ठीची यादी भाषेनुसार वेगळी ठेवा.

परवानग्या कोणत्या?

नोंदणीकृत नैतिकता समितीची मंजुरी आणि भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदणीत (देशातल्या अशा चाचण्यांच्या अधिकृत यादीत) नाव, दोन्ही पहिलं जोडपं घेण्याआधी. ही नोंदणी मोफत आहे, आणि १ एप्रिल २०१८ पासून चाचणी सुरू झाल्यावर ती करता येत नाही. संमती बायकोची वेगळी, नवऱ्याची वेगळी. त्याची सही तिच्या जागी चालत नाही. सोनोग्राफीच्या ठिकाणी नोंदणी करत असाल तर मुलगा-मुलगी हा विषय ना फॉर्मवर, ना बोलण्यात.

वर्गाला एकदाही न आलेल्या जोडप्यांना हिशेबातून काढायचं ना?

नाही. चिठ्ठीने वर्ग गटात आलेलं जोडपं शेवटपर्यंत वर्ग गटातच मोजायचं, पाच बैठकांना आलेलं असो की शून्य. न आलेल्यांना काढलं की उरतात ती वेळ आणि मोकळीक असलेली घरं, आणि आपण पहिल्या प्रश्नातल्या खड्ड्यात परत पडतो. हजेरी मात्र नीट ठेवा. पाचशेपैकी वर्ग गटातल्या अडीचशे जोडप्यांत शंभर आलीच नसतील, तर वर्गातल्या मजकुराआधी वर्गाची वेळ बदलायला हवी.

फोन करणाऱ्याला कोण कोणत्या गटात आहे हे माहीत असलं तर बिघडतं का?

बिघडतं. म्हणून शिकवणारे आणि फोन करणारे वेगळे. फोनच्या सुरुवातीलाच "तुम्ही वर्गाला होतात की नाही हे मला सांगू नका" असं सांगावं. तरी आई "सिस्टरनी वर्गात सांगितलं तसं..." म्हणून जाते. अशा वेळी फॉर्मवर खूण करा आणि पुढे चला.

गर्भपात झाला किंवा बाळ गेलं असेल तर?

काही माहीत नसताना फोन करू नये. आधी आशाताई किंवा दवाखान्याकडून खात्री करा. तरीही कळलं नसेल, म्हणून प्रत्येक फोनचं पहिलं वाक्य "ताई, तुम्ही कशा आहात?" हेच असावं. "बाळ कसं आहे?" हे पहिलं वाक्य कधीच नको. वाईट बातमी कळली तर प्रश्नसंच बंद करून ऐकायचं, आणि त्या क्रमांकावर ठरलेले पुढचे फोन त्याच दिवशी यादीतून काढायचे.

निकालात फरक दिसला नाही तर?

तसाच प्रसिद्ध करायचा. पण "फरक नाही" आणि "फरक दिसण्याइतकी संख्या नव्हती" यांत गल्लत नको. समजा दोन्ही गटांत २०० जणींची मोजणी झाली, वर्ग गटात १२४ आणि तुलना गटात १०४ जणींचं निव्वळ स्तनपान होतं. फरक १० टक्के बिंदूंचा, म्हणजे दर १० जोडप्यांमागे एक. पण अनिश्चिततेचा पट्टा, म्हणजे खरा फरक जिथे कुठेही असू शकतो ती कक्षा, जवळपास ० पासून २० पर्यंत जातो. अशा वेळी "वर्ग यशस्वी" असा फलक लावू नये, आणि वर्ग बंदही करू नयेत.

वर्गामुळे त्रास झाला का हेही पाहा. सिझेरियन झालेल्या किंवा दूध कमी आलेल्या आईला "वर्गात सांगितलं होतं तसं मला जमलं नाही" ही बोच लागू शकते. सासूशी वाद वाढू शकतात.

आमची संस्था लहान आहे, वर्षाला ४० जोडपी येतात. आम्ही काय करावं?

४० जोडप्यांवर उपयोग सिद्ध करायला जाऊ नका. पूर्वतयारीची चाचणी करा: विचारलेल्यांपैकी किती तयार झाले, किती बैठकांना आले, माहेरी गेल्यावर किती जणींचा फोन लागला, कोणता प्रश्न कळला नाही. हे चार आकडे प्रामाणिकपणे ठेवले तर मोठी चाचणी घेणाऱ्याला ते सोन्यासारखे आहेत. जागा २० आणि अर्ज ४० असतील तर प्रवेश ओळखीवर न देता चिठ्ठीने द्या, आणि ज्यांना जागा मिळाली नाही त्यांनाही, त्यांची संमती घेऊन, सहा आठवड्यांनी तेच प्रश्न विचारा. मात्र हेही संशोधनच झालं, त्यामुळे समितीची मंजुरी इथेही लागते.

आम्ही जोडपं म्हणून भाग घेतला आणि मध्येच नको वाटलं तर?

कधीही थांबता येतं, कारण सांगावं लागत नाही, आणि दवाखान्यातल्या उपचारात काही बदलत नाही. आधी दिलेली माहिती ठेवायची की काढायची हे तुम्ही सांगायचं. फक्त एवढं करा, फोन उचलून "नको" म्हणा. उचललाच नाही तर वेगवेगळ्या वेळी पाच वेळा वाजेल.